वाकणं आणि वाकवणं : लवचिकपणावरचं संशोधन मी कसं चुकीचं वाचलं

गाजर दाखवून घोड्याची मान वळवतात तो व्यायाम तुम्ही पाहिला नसेल, तर आधी तो सांगते. घोडा चारही पायांवर नीट उभा असतो. आपण त्याच्या खांद्याशी उभं राहायचं आणि हातातलं गाजर त्याच्या नाकापासून हळूहळू मागे, बरगड्यांकडे न्यायचं. घोडा गाजरामागोमाग मान वळवत येतो. काही सेकंद त्याला तिथेच टिकवायचं, मग गाजर त्याचं. हेच खाली, पुढच्या दोन पायांच्या मधे. हेच छातीपाशी. बघायला गंमत वाटते आणि घोड्याचीही सहसा काही तक्रार नसते.

हा व्यायाम मी एका घोडीला लावला. त्यासाठी ज्या पेपरचा आधार घेतला तो पेपर चांगला आहे. मी तो वाचला वाईट. आजची पोस्ट त्याबद्दल, आणि त्याच्या आजूबाजूच्या आणखी चार-पाच पेपरांबद्दल.

माझी पीएच.डी. माणसाच्या पाठीतल्या खोल स्नायूंवर आहे, हे इथे नेहमी येणाऱ्यांना पाठ झालं असेल. घोड्यांशी माझा संबंध फक्त रविवारचा. कोथरूडहून चांदणी चौक ओलांडून पलीकडे एका ठिकाणी मी गेलं दीड वर्ष रपेटीला जाते. तिथली तारा नावाची घोडी माझ्या वाट्याला आली. स्वभावाने गरीब, चालायला छान, पण दुडकीवर डावीकडे वळवायला गेलं की लाकडाची होते. मान उजवीकडेच ठेवायची, पोट बाहेर काढायचं, आणि वर्तुळ काढता काढता अंडं व्हायचं. सगळे म्हणाले, डावी बाजू आखडली आहे, मोकळी करायला हवी. मी म्हटलं, यावर संशोधन आहे! आणि पुढच्या रविवारी पेपर छापून घेऊन गेले.

तो पेपर नॅरेल स्टब्ज, हिलरी क्लेटन आणि सहकाऱ्यांचा, २०११ सालचा. आठ घोडे. गाजराचे व्यायाम : मान खाली नेण्याचे तीन प्रकार, वर ताणण्याचा एक, आणि दोन्ही बाजूंना वळवण्याचे तीन-तीन. प्रत्येक व्यायाम दिवसाला पाच वेळा, आठवड्यातले पाच दिवस, तीन महिने. आधी आणि नंतर अल्ट्रासाउंडने पाठीच्या मणक्यांलगत सहा ठिकाणी मल्टिफिडस या स्नायूचा आडवा छेद मोजला. सहाही ठिकाणी, दोन्ही बाजूंना स्नायू वाढला होता आणि डाव्या-उजव्यातला फरक कमी झाला होता.

मल्टिफिडस म्हणजे माझ्या घरचंच माणूस. मणक्याला मणका धरून ठेवणारा छोटा, खोल स्नायू. माणसाची पाठ एकदा दुखली की तो दुखऱ्या बाजूला बारीक होतो, आणि दुखणं गेलं तरी आपोआप भरून येत नाही, हे ज्युली हाइड्स आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये ब्रिस्बेनहून दाखवलं. त्यामुळे घोड्यातही तो व्यायामाने वाढतो हे वाचून मला इतका आनंद झाला की पेपरमध्ये काय नाही ते बघायचं राहून गेलं.

काय नाही? लवचिकपणा नाही. म्हणजे तो या पेपरने मोजलेलाच नाही. घोडा आधीपेक्षा जास्त वळू लागला का, पाऊल लांब पडू लागलं का, स्वाराला पाठ मऊ लागली का, यातलं काहीही तिथे नाही. स्नायूचा छेद किती चौरस सेंटिमीटर, एवढंच आहे. लेखकांनीही त्यापलीकडे दावा केलेला नाही. शीर्षकातसुद्धा स्नायूचा छेद वाढतो असंच म्हटलंय. पण व्यायामाचं बोलीतलं नाव पडलं ‘कॅरट स्ट्रेच’, आणि ‘स्ट्रेच’ म्हटलं की आपण ताण, मोकळेपणा, लवचिकपणा ही सगळी माळ मनातल्या मनात ओवून टाकतो. खरं तर तो ताणाचा व्यायाम कमी आणि ताकदीचा जास्त आहे. घोडा मान स्वतः वळवतो, स्वतः तिथे धरून ठेवतो, तोल सांभाळण्यासाठी पाठ आवळतो. गाजर फक्त दिशा दाखवतं. आणि आठ घोडे म्हणजे आठच. एवढ्यावरून ‘वाढ होऊ शकते’ म्हणता येतं, ‘कुठल्याही घोड्याचा कुठलाही आखडलेपणा जातो’ म्हणता येत नाही. मी मात्र तेच म्हणत होते.

मराठीत ‘वाकणं’ वेगळं आणि ‘वाकवणं’ वेगळं. शाळेत प्रयोजक क्रियापद म्हणून मार्कांपुरतं शिकलो होतो. हा सगळा विषय त्या एका ‘व’वर उभा आहे असं मला आता वाटतं, कारण ताराला मी फक्त गाजर देऊन थांबले नाही. कुणीतरी सांगितलं, पायही ओढा. मग पुढचा पाय गुडघ्यामागे हात घालून पुढे ओढायचा, मागचा पाय मागे न्यायचा, तीस सेकंद धरायचा. इथे घोडा काहीच करत नाही. आपण त्याला वाकवतो.

यावरचाही पेपर आहे आणि तो मी वाचलेला नव्हता. रोझ आणि सहकारी, २००९. अठरा घोडे, तीन गट : एका गटाला आठवड्यातून सहा दिवस ताण, एकाला तीन दिवस, एकाला अजिबात नाही. आठ आठवडे. मग हाताने दुडकीवर पळवून चित्रीकरणावरून पावलाची लांबी आणि सांध्यांची हालचाल मोजली. पावलाच्या लांबीत गटागटांत फरक नाही. आणि रोज, म्हणजे सहा दिवस ताणलेल्या घोड्यांच्या खांद्याची आणि मागच्या पायातल्या सांध्यांची हालचाल चक्क कमी झाली. लेखकांचा अंदाज असा की इतका रोजचा ताण घोड्याला झेपत नसावा. अंदाज आहे, सिद्ध केलेलं नाही. आणि एका गटात सहाच घोडे आहेत, तेव्हा याही आकड्यांना डोक्यावर घेऊन नाचायचं कारण नाही. पण तुलनेसाठी न ताणलेला गट ठेवलेला आहे आणि मोजलंय ते चालताना मोजलंय, हे मला महत्त्वाचं वाटतं. घोड्याचा पाय उभ्या उभ्या किती लांब ओढता येतो याच्याशी कुणाला काय करायचंय? तो पळताना किती टाकतो ते बघायचं.

ड्रेसाजमध्ये, म्हणजे घोड्याला जवळजवळ न दिसणाऱ्या इशाऱ्यांवर चालवण्याच्या त्या खेळात, हा फरक जुना आहे. (२०२३च्या हांगझोऊ एशियाडमध्ये भारताच्या ज्या संघाने यात सुवर्ण मिळवलं त्यात मुंबईचा हृदय छेडा होता. घोडेस्वारीतलं भारताचं त्याआधीचं सुवर्ण १९८२चं.) जर्मन परंपरेत घोडा घडवण्याच्या ज्या पायऱ्या सांगतात त्यातली दुसरी लोसगेलासनहाइट. इंग्रजीत तिचं भाषांतर बरेचदा ‘सप्लनेस’ करतात आणि मग आपण मराठीत ‘लवचिकपणा’. मूळ शब्दाचा अर्थ मात्र सोडून दिलेलं, मोकळं झालेलं असं काहीतरी. घोड्याच्या अंगात विनाकारण आवळून धरलेलं काही नाही, असा. स्नायू किती लांब होतो याबद्दल तो शब्द काही बोलतच नाही. भाषांतरात मोकळेपणाचा लवचिकपणा झाला आणि लवचिकपणाचा ताण.

आता कुत्रा. आमच्या घरमालकीण काकूंचा बंड्या लॅब्रेडॉर आहे, वय अकरा. एके काळी एआरएआयच्या टेकडीवर मला ओढत न्यायचा. आता सोसायटीच्या फाटकापर्यंत जाऊन विचार करत उभा राहतो. मागच्या दोन्ही सांध्यांना संधिवात. पशुवैद्यांनी औषध दिलं, वजन उतरवायला सांगितलं आणि पाय हळुवार ताणायचे व्यायाम शिकवले. काकू ते संध्याकाळची मालिका बघता बघता करतात. ‘अगं, तुझ्या त्या पेपरात कुत्र्यांचं काय लिहिलंय ते सांग की,’ असं त्यांनी विचारलं तेव्हा मला बरं वाटलं, कारण यावर एक नेमका पेपर आहे, आणि नेमका लॅब्रेडॉरवरच.

क्रुक, मॅक्गोवन आणि पीड, २००७. संधिवात असलेले दहा लॅब्रेडॉर. मालकांनी घरीच, दिवसातून दोनदा, प्रत्येक वेळी दहा ताण, प्रत्येक ताण दहा सेकंद. एकवीस दिवसांनी सांध्यांचा कोन ७ ते २३ टक्क्यांनी वाढला. घरच्या घरी, बिनखर्चात. काकू खूश.

मीही खूश होते, पण ताराच्या प्रकरणानंतर जरा सावध झाले होते. इथे कोन मोजला तो कुत्रा स्वतः हलताना नाही, तर माणसाने पाय वाकवून, सांध्यावर कोनमापक ठेवून. हे मोजमाप अगदीच बिनभरवशाचं नाही. २००२ मध्ये जेगर आणि सहकाऱ्यांनी सोळा निरोगी लॅब्रेडॉरांवर ते तपासलं, तेव्हा एकाच माणसाने पुन्हा पुन्हा मोजलं तरी साधारण १ ते ६ अंशांचा फरक पडतो असं दिसलं. म्हणजे वाढ त्याहून मोठी असेल तर ती मानायला हरकत नाही. प्रश्न वेगळाच आहे : वाढलं ते नक्की काय?

माणसांच्या बाबतीत या प्रश्नाने बरीच खळबळ उडवली आहे. आपण सगळे धरून चालतो की रोज ताणलं की स्नायू लांब होतो. वेपलर आणि मॅग्नसन यांनी २०१० मध्ये माणसांवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की तीन ते आठ आठवड्यांच्या कार्यक्रमात जी वाढ दिसते तिचं बरंचसं कारण स्नायूची लांबी हे नसून सहन करण्याची क्षमता हे आहे. तेवढ्याच जोराने ओढलं तर स्नायू आधीइतकाच लांबतो. फक्त माणूस आता ‘बास’ जरा उशिरा म्हणतो, म्हणून आणखी जोर लावता येतो. हे माणसाला विचारून, जोर मोजून कळतं. कुत्र्याला कसं विचारणार? एकवीस दिवस दिवसातून दोनदा मालकाने प्रेमाने पाय हातात घेतला की कुत्रा तो पाय आधीपेक्षा ढिला सोडेल, हे सांगायला कोनमापक लागत नाही. बंड्याचंच बघा. पहिल्या आठवड्यात काकूंनी पायाला हात लावला की तो मान वळवून बघायचा. आता घोरतो. सांधा सुटला की बंड्याचा काकूंवर विश्वास बसला? दोन्ही चांगलंच आहे, पण दोन्ही एक नाही, आणि वाढलेला कोन त्या दोघांत फरक करू शकत नाही.

म्हणून काकूंना मी सांगितलं की व्यायाम चालू ठेवा, पण पाय किती वाकतो ते मोजू नका. बंड्या जिन्याच्या किती पायऱ्या न थांबता चढतो आणि झोपेतून उठायला किती वेळा प्रयत्न करतो ते कॅलेंडरवर लिहा. काकूंनी गॅस सिलिंडरच्या तारखांशेजारी ते लिहायला सुरुवात केली आहे.

इथे थोडी पुण्याची वाट घेते. आमच्या शहरात लवचिकपणाची परीक्षा पूर्वापार एका उभ्या लाकडी खांबावर होते. मल्लखांब मूळचा पहिलवानांचा पूरक व्यायाम. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी त्याला पुन्हा ऊर्जितावस्था दिली असं मानलं जातं. एरंडेल लावलेल्या खांबावर दसरंग करणाऱ्या मुलीकडे पाहा. तिचं शरीर कमानीसारखं वाकलेलं दिसतं ते कुणी वाकवलेलं नसतं. त्या टोकाच्या स्थितीत तिचं सगळं वजन तिच्याच अढीवर, तिच्याच मांड्यांवर असतं. टोकाला पोचून तिथे ताकद लावता येणं, हाच तिचा लवचिकपणा. शरीरशास्त्राच्या भाषेत याला सक्रिय हालचालीचा पल्ला म्हणतात, आणि दुसऱ्याने वाकवल्यावर मिळतो तो निष्क्रिय पल्ला. पहिला नेहमी दुसऱ्याहून कमी असतो. दोघांतली दरी जेवढी मोठी, तेवढा भाग असा की जिथे तुम्ही पोचता पण तुमचा ताबा नसतो.

आणि ताकदीचे व्यायाम पूर्ण पल्ल्यात केले तर पल्लाही वाढतो, याला आता चांगला पुरावा आहे. अफोन्सो आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये अकरा अभ्यास एकत्र केले, मिळून ४५२ माणसं. ताकदीचे व्यायाम आणि ताण यांच्यात पल्ला वाढवण्याच्या बाबतीत म्हणण्यासारखा फरक निघाला नाही. माणसांवरचं हे घोड्यावर जसंच्या तसं लादता येणार नाही, कबूल. पण स्टब्ज यांचा पेपर आणि रोझ यांचा पेपर एकमेकांविरुद्ध आहेत असं मला आधी वाटलं होतं. या चष्म्यातून बघितलं तर ते भांडतच नाहीत. एकात घोडा वाकतो, दुसऱ्यात वाकवला जातो.

आता स्वार, म्हणजे मी. घोड्यावरच्या बसण्याला मराठीत नेमका शब्द आहे : मांड. आपण ‘पक्की मांड’ म्हणतो, ‘सरळ मांड’ म्हणत नाही, आणि माझ्या बाबतीत नडलं ते तिथेच. माझी मांड पक्की आहे पण तिरकी आहे. रिकिबी सारख्या करून घेतल्या तरी उजवा पाय लांब लटकतो, डावा खांदा खाली जातो. मला वाटायचं, अजून शिकाऊ आहे, बसता बसता सुटेल. सेरा जेन हॉब्ज आणि सहकाऱ्यांचा २०१४चा पेपर वाचला आणि तो धीर गेला. ब्रिटन आणि अमेरिकेतले १२७ उजवे स्वार. फिजिओथेरपिस्टने आणि कॅमेऱ्यांनी त्यांची उभ्याची आणि बसल्याची ठेवण, कंबरेची लवचिकता, पकडीची ताकद मोजली. अपेक्षा अशी असते की वरच्या पातळीवर खेळणारे जास्त सरळ असतील. निघालं उलट : उभ्याने मोजलेल्या दोन खांद्यांच्या उंचीतला फरक वरच्या पातळीच्या स्वारांत जास्त.

या पेपरवर माझी तक्रार आहे. हा सरासरी फरक अर्ध्या सेंटिमीटरहूनही कमी आहे, आणि एकाच गटातल्या माणसामाणसांतली तफावत त्याहून कितीतरी मोठी. शिवाय सगळ्यांना एकदाच मोजलंय. घोडेस्वारीने माणूस वाकडा होतो, की विशिष्ट तऱ्हेने वाकडी माणसंच टिकून वर जातात, हे अशा एका फोटोतून ठरत नाही. तरी एक गोष्ट उरतेच : वर्षानुवर्षं नुसतं बसल्याने सरळपणा येतो या समजाला या पेपरात आधार नाही. वाकडा स्वार जन्मभर बसला तर वाकडं बसण्यात पक्का होईल. आणि त्याच्याखालचा घोडा?

इथून पुन्हा ताराकडे. सहा आठवडे गाजरं झाली, पाय ओढून झाले. ती आता गाजरासाठी मान अगदी कुशीपर्यंत वळवायची, डावीकडेसुद्धा. दुडकीवर मात्र तेच अंडं. शिवाय पाय ओढायला गेलं की कान मागे पडायचे. ते मी ‘ताण बसतोय’ असं वहीत लिहीत होते. वहीचं ते पान अजून आहे माझ्याकडे.

तिथले सईस, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी खरारा करता करता एकदा सांगितलं, ‘ताई, तिला डावीकडं वळता येत न्हाई असं न्हाई. डाव्या मागल्या पायावर वजन घ्यायचं टाळती ती. खोगीर बघा की कुठं चाललंय.’ खोगीर खरंच दर रपेटीला डावीकडे सरकायचं. आम्ही सगळ्यांनी, मी धरून, ते माझ्या तिरक्या मांडीच्या खात्यावर टाकलं होतं, आणि पट्टा आणखी एक भोक आवळला होता.

लिने ग्रेव्ह आणि सू डायसन यांचं काम मी त्यानंतर वाचलं. त्यांनी २०१४ मध्ये ५०६ घोडे तपासले. सगळे नियमित कामात, सगळ्यांचे मालक म्हणत की घोडा ठणठणीत आहे. त्यातले जवळपास निम्मे लंगडत होते किंवा आखडून चालत होते. त्याआधीच्या, २०१३च्या पेपरात त्यांनी दाखवलं होतं की खोगीर सतत एका बाजूला सरकणं हे मागच्या पायाच्या लंगडण्याचं लक्षण असू शकतं आणि ते बहुधा दुखऱ्या पायाच्या बाजूला सरकतं. सगळ्यात पटणारा भाग पुढचा. दुखऱ्या जागेची नस इंजेक्शनने तात्पुरती बधिर केली, तेव्हा लंगडणं गेलं आणि बहुतेक घोड्यांत खोगीर सरकणंही थांबलं. स्वार तोच, खोगीर तेच. अभ्यासाची ही रचना मला फार आवडली. नुसता संबंध दाखवून न थांबता कारण काढून घेतलं आणि परिणाम जातो का ते बघितलं. लवचिकपणावरच्या पेपरांत मला हेच सापडत नव्हतं.

ताराला पशुवैद्यांनी तसंच इंजेक्शन दिलं, मागच्या डाव्या पायाला. थोड्या वेळाने मामांनी तिला दुडकीवर डावीकडे फिरवलं आणि ती वळली. गोल, मोकळी, तोंडातली लगाम चघळत. कुणी काही ताणलं नव्हतं. सांध्याला सूज होती, कदाचित काही महिन्यांपासून. म्हणजे आखडलेपणा हा तिचा दोष नव्हता, तो तिचा उपाय होता. दुखऱ्या पायावर भार येऊ नये म्हणून ती पाठ आवळून धरत होती आणि मी शास्त्राच्या नावाने ते आवळणं सोडवायला निघाले होते. सहा आठवडे. पाय ओढून.

पेपरांमधले बहुतेक घोडे आधी तपासून घेतलेले असतात, ही साधी गोष्ट मी विसरले. प्रयोगात घ्यायच्या आधी कुणीतरी बघतं की जनावर लंगडत नाही ना, निदान किती लंगडतं. निष्कर्ष त्या दारातून आत आलेल्या घोड्यांबद्दल असतो. तारा त्या दारातून आलेली नव्हती. भीमा-नीरेच्या खोऱ्यात धनगरांच्या बिऱ्हाडांबरोबर ओझी वाहत चालणारी भीमथडी घोडी तर त्या दाराच्या आसपासही नसतात. त्यांच्या पायांकडे बघणारा माणूस एकच, त्यांना रोज लादणारा.

तारा तीन महिने सुट्टीवर होती. आता रोज सपाट जमिनीवर सरळ चालवतात, दुडकी थोडीच. गाजराचे व्यायाम पशुवैद्यांनी पुन्हा सुरू करायला सांगितले आहेत. सुट्टीत बारीक झालेल्या पाठीसाठी, म्हणजे पेपरात ज्यासाठी होते त्याचसाठी. पाय ओढणं बंद. मी अजून तिच्यावर बसत नाही. आठवड्यातून दोनदा घरी एका पायावर उभं राहून डावा खांदा वर ठेवायची खटपट करते, बंड्या बघत असतो. त्याच्या कॅलेंडरवर मागच्या आठवड्यात नऊ पायऱ्या आहेत, या आठवड्यात अकरा, आणि परवा पाऊस होता म्हणून सात. काकू म्हणतात पावसाचा दिवस धरायचा नाही. मी म्हणते धरायचा.